स्वतःच्या नावाने लग्नाच्या फोटोग्राफीच्या ऑर्डरी: ठाणे-नवी मुंबईत वेगळेपण कशात ठेवावं?

ऐरोली_सेक्टर
सेकंड शूटर म्हणून, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीला, काम चालू आहे, २०२६च्या उन्हाळी मुहूर्तांपासून स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत. सामान: दोन कार्ड स्लॉटच्या दोन फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेरा बॉड्या, ३५, ८५, ७०-२०० लेन्स, दोन फ्लॅश. इथे गल्लोगल्ली स्टुडिओ आहेत आणि सगळ्यांचं इन्स्टाग्राम सारखंच: रंगीत धूर, ड्रोन, स्लो मोशन. भाव पाडून उतरायचं नाही. मग लोकांनी आपल्याकडेच का यावं? पॅकेज कसं बांधायचं? आणि हळदीला डीजेच्या एलईडीखाली चेहरे जांभळे येतात, वर काळे पट्टे. यावर इलाज काय?

पारसिक_पायथा
पट्ट्यांचं आधी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक मांडव निभावतो. एलईडी वॉलची गत वेगळी. तिथे शटर बारीक पावलांनी बदलायची सोय कॅमेऱ्यात असेल तर पट्टे जाईपर्यंत सरकवत राहायचं. इलेक्ट्रॉनिक शटर त्या रात्री बंद.

जांभळे चेहरे एडिटमध्ये सुधारत नाहीत. त्या उजेडात हिरवा जवळपास नसतोच आणि लाल-निळा चॅनल जळून गेलेला असतो. चेहऱ्यावर स्वतःचा पांढरा उजेड टाकावाच लागतो. एक फ्लॅश सॉफ्टबॉक्समध्ये (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), स्टँडवर, ४५ अंशांत. पॉवर १/१६ पासून वर. कॅमेरा १/१००, एफ २.८, आयएसओ १६००. चेहऱ्याचा रंग खरा येतो, मागची रोषणाई तशीच राहते. स्टँडला वाळूची पिशवी बांधा आणि शेजारी एक पोरगा उभा करा, नाचणारी गर्दी स्टँड पाडतेच. लेझर सरळ लेन्समध्ये आला तर सेन्सर कायमचा जाऊ शकतो, म्हणून डीजेवाल्याशी आधीच बोलून ठेवायचं. ओली हळद उडायला लागली की लेन्स बदलायची नाही.

आता वेगळेपण. घणसोली, दिवाळे, करावे, ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा इथली आगरी-कोळी हळद म्हणजे लग्नाच्या तोडीचा सोहळा. धवलारीण, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी म्हणणारी बाई, धवले म्हणते तेव्हा बहुतेक कॅमेरे डीजेची वाट बघत बसलेले असतात. छोटा रेकॉर्डर तिच्यापासून हातभर अंतरावर, वाऱ्याची टोपी लावून, लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास. सिनेमाचं गाणं लावलेली फिल्म अपलोड केली की बऱ्याचदा म्यूट होते, धवल्यांवर कापलेली फिल्म टिकते. त्या बाईंची परवानगी घ्या, मानधन द्या.

नौपाडा_नेगेटिव्ह
वरचं बरोबर, पण अंतरपाट जमत नसेल तर हळदीच्या जोरावर मराठी घरात दुसरी ऑर्डर येणार नाही.

एक माणूस वराच्या पाठीमागून वधूवर, दुसरा वधूच्या पाठीमागून वरावर, दोघंही एकमेकांच्या फ्रेमबाहेर. जागा गुरुजींना आधी विचारून ठेवायची. शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट निघतो, अक्षता उडतात आणि ऑटोफोकस चेहरा सोडून तांदळावर जातो. फोकस ट्रॅकिंग ‘चिकट’ ठेवलं, म्हणजे मध्ये काही आलं तरी लगेच न हलणारं, तर चेहरा सुटत नाही. अक्षता टिपायला फ्लॅश नसेल तर शटर निदान १/५००. मागे पांढरा पडदा असेल तर तांदूळ दिसतच नाही, गडद बाजू धरा. हार लगेच गळ्यात पडतात, तोवर स्क्रीन बघायची नाही.

पोर्टफोलिओत वीस लग्नांतले निवडक वीस फोटो नकोत, ते कोणीही दाखवतो. एकच लग्न ६०-७० फोटोंत, ओळीने, मुंडावळ्या बांधण्यापासून माप ओलांडेपर्यंत. बुटक्या छताचा हॉल आणि ट्यूबलाइटचा उजेड असलेलं लग्न मुद्दाम घ्या. मुलाचं किंवा मुलीचं लग्न कुठल्या हॉलमध्ये ठरलंय ते आईवडिलांना माहीत असतं, तुम्ही तिथे काय काढाल एवढंच त्यांना बघायचं असतं.

हिशोब_आधी
पॅकेज फोटोंच्या संख्येवर बांधू नका, तासांवर बांधा. समजा शूट १२ तास, निवड ६, एडिट २०, अल्बम डिझाइन व दुरुस्त्या १०. झाले ४८. त्यात सहकाऱ्याचा रोज, प्रवास, अल्बम छपाई आणि सामानाची झीज धरा, मग भाव काढा. अल्बमच्या १२ बाय ३६ इंची शीट किती, दुरुस्त्या किती वेळा, जास्तीच्या शीटचे किती, हे लेखी हवं. दोन फेऱ्यांनंतर दुरुस्तीचे पैसे. नाहीतर आत्याचा फोटो बदलण्यात पावसाळा जातो.

पैसे तीन टप्प्यांत: तारीख अडवताना ४० टक्के, हळदीआधी ४०, अल्बम छपाईला जाण्यापूर्वी २०. अल्बम हातात पडल्यावर मागाल तर फेऱ्या मारा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे, पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणून जाहिरातीसाठी फोटो वापरायची संमती करारातच घ्या. लहान मुलांचे फोटो वगळण्याची मुभा घरच्यांना द्या, लोक खूश होतात.

दोन्ही स्लॉटवर एकाच वेळी रेकॉर्डिंग, रात्रीच दोन हार्ड डिस्कवर कॉपी, त्यातली एक दुसऱ्या घरी. अल्बम पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट नाही.

ऐरोली_सेक्टर
धवल्यांचं सुचलंच नव्हतं. ड्रोन सगळे मागतात, त्याचं काय?

पारसिक_पायथा
ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचा नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपेक्षा वर परवानगी लागते. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे, बेलापूर भागात हा प्रश्न थेट आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघूनच हो म्हणा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेटही हवं. ड्रोन पॅकेजमध्ये धरू नका, वेगळा भाव सांगा.

हिशोब_आधी
आणि पंचांग बघितलंत का? २०२६ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. उन्हाळी मुहूर्त एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटणार, सहकारी आत्ताच बांधून ठेवा. उरलेली लग्नं निज ज्येष्ठात, म्हणजे भर पावसात, आणि २५ जुलैला आषाढी. एसी हॉलमधून बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवायचा, मग काढायचा. वरातीची दुसरी बॉडी आधीपासून बाहेरच असू द्या.