एसी, कॅमेरे, एबीसीडी: याला दर्जेदार बालवाडी म्हणायचं?

खडूपाटी: काल इथे ‘दर्जेदार बालवाडी कशी ओळखावी’ अशी यादी आली. एसी, सीसीटीव्ही, स्मार्ट बोर्ड, साडेतीन वर्षांच्या मुलांना लिहायला लावणाऱ्या मॅडम. दर्जा बघायचाय ना? मग डब्याच्या वेळी खिडकीतून डोकावा. 25 मुलं, 1 नळ, एकेकाला 1 मिनिट, म्हणजे 25 मिनिटं नुसती रांग. ढकलाढकली, चावाचावी तिथेच होते आणि वर ‘मुलं ऐकत नाहीत’. सहा-सहांचे गट करा. एक गट नळावर, बाकीचे खेळात. खर्च शून्य. 2013 च्या राष्ट्रीय निकषांत 3 ते 6 वयाच्या 20 मुलांमागे 1 मोठं माणूस आणि 30 मुलांना किमान 35 चौरस मीटरची खोली सांगितली आहे. ते तुमच्या यादीत कुठेय?

बालसंचालक: यादी माझीच. 20 ला 1 बाई ठेवून फी किती लावू, तेही सांगा. पालकांचा पहिला प्रश्न ‘लिहितो का?’ हाच असतो, कारण पहिलीला मुलाखत घेतात.

खडूपाटी: शिक्षण हक्क कायदा, कलम 13. प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावली तर पहिल्यांदा 25,000 पर्यंत दंड, पुढे दर वेळी 50,000 पर्यंत. बेकायदा परीक्षेची तयारी करून घेता, आणि त्याला दर्जा म्हणता!
बोटं तयार नसताना पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं आणि खांद्यातून रेघ ओढतं. आधी उभ्या फळ्यावर ओला ब्रश फिरवू दे, कणीक मळू दे, चिमटीने चिंचोके उचलू दे. मग पेराएवढा खडूचा तुकडा. तो मुठीत धरताच येत नाही, बोटं आपसूक पुढे येतात.

सेविकाताई: आम्हा अंगणवाडी सेविकांना आधी शिकवायला वेळ द्या. वजन, उंची, आहार, गृहभेटी, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरच्या नोंदी, सगळं एकटीने.

दुपारची_झोप: चिंचोके?? नाकात जातात ते! वाटाणा-हरभरा तर आत ओलाव्याने फुगतो.

कोसबाडकर: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शंख-शिंपल्यांवरच बालशिक्षण उभं केलं. शहरी भीती तुमच्यापाशी ठेवा.

दुपारची_झोप: ताराबाईंच्या पदराआड लपू नका. खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिमी रुंद नळकांडं असतं. त्यात मावेल ते 3 वर्षांखालच्यांना द्यायचं नाही.

कोसबाडकर: म्हणजे तिनाच्या पुढे चालतं. आभारी आहे.

दुपारची_झोप: तोंडात घालायची सवय वाढदिवसाच्या दिवशी सुटते वाटतं!

कोसबाडकर: बरं बाई. लहान गटाला बाटल्यांची मोठी झाकणं. मोठ्या गटाला चिंचोके, पण वाटीत 10 मोजून द्यायचे, 10 मोजून घ्यायचे. एक कमी भरला तर आधी नाकं बघा, मग चटई झटका. नाकात गेलाच तर चिमटा घालू नका, आणखी आत सरकतो. थेट डॉक्टर.

दुपारची_झोप: हे आधी लिहायला काय झालं होतं?

बालसंचालक: झाले का चिंचोके मोजून? नळ वाढवतो, गटही करतो. एसी मात्र राहणार. एप्रिलमध्ये पत्र्याखाली तासभर बसून दाखवा.

खडूपाटी: पत्रा आहे हे यादीत नव्हतं.