मदत हवी आहे: मागच्या दाराचं चाइल्ड लॉक, एअरबॅग आणि नऊ महिन्यांचा नातू

आजीची_गाडी:

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहते, वय ६१, प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. गाडी पन्नाशीत शिकले आणि आता रोज चालवते, त्यामुळे चालवण्याबद्दल काही विचारायचं नाही. विचारायचं आहे ते गाडीत लेकरं बसलेली असताना आतल्या ज्या गोष्टी माहीत असायला हव्यात त्यांच्याबद्दल.

लेक-जावई पुण्यात नोकरीला आहेत. दोन्ही नातवंडं सध्या आमच्याकडे असतात. नात साडेचार वर्षांची, नातू नऊ महिन्यांचा. लेकीने तिची गाडी इथेच ठेवली आहे, २०२० ची हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. ज्याच्याकडून घेतली त्याने गाडीसोबतचं पुस्तक दिलं नाही, त्यामुळे अर्धी बटणं कशाची ते आम्हाला ठाऊक नाही.

गेल्या रविवारी कासला गेलो होतो. परतताना यवतेश्वरच्या घाटात वळणावर समोरून एसटी आली, म्हणून मी गाडी अगदी हळू केली. तेवढ्यात मागून एकदम गार वारा आला आणि रस्त्याचा आवाज मोठा झाला. डॅशबोर्डवर उघड्या दाराचा लाल दिवा लागला. आरशात पाहिलं तर नातीचा हात आतल्या हँडलवर आणि दार वीतभर उघडं. आमचे हे तिच्या शेजारीच होते, त्यांनी फ्रॉकला धरून तिला आत ओढलं. ती म्हणाली, "आजी, मी फुलं बघत होते." बेल्ट तिच्या गळ्याशी येतो म्हणून आम्ही तो लावलाच नव्हता. नातू पुढे लेकीच्या मांडीवर होता, एकच बेल्ट दोघांना मिळून.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लेक पुण्याला गेली, पण जाताना म्हणाली, "आई, आता तूच काय ते विचारून घे." म्हणून विचारते.

दार आतून उघडू नये म्हणून चाइल्ड लॉक असतं एवढं ऐकून आहे. ते नेमकं कुठे असतं आणि लागलंय हे कसं ओळखायचं? दुसरी भीती अशी, की ते लावलं आणि काही झालं तर मुलं आत अडकून पडतील का? पुढच्या सीटसमोर एअरबॅग आहे, मग बाळाला घेऊन पुढे बसलं तर ती त्याला वाचवते की इजा करते? आणि लहान मुलांची सीट घ्यायची तर कोणती, कुठे आणि कशी बसवायची? काचांचंही सांगा, नातीला काच वर-खाली करायचा फार नाद आहे.

गॅरेजवाला_मिरज:

काकू, मी मिरजेत गाड्यांचीच कामं करतो. आधी दाराचं बघा, ते पाच मिनिटांचं काम आहे.

मागचं दार पूर्ण उघडा. दाराच्या जाडीवर, जिथं लॉक खटकन बसतं त्याच्या आसपास एक छोटा खटका असतो, बाजूला बहुतेक बाळाचं चित्र. काही गाड्यांत खटका नसतो, गोल खाच असते, ती किल्लीच्या टोकानं फिरवायची. कुठल्या बाजूला केलं की लागतं ते गाडीगणिक वेगळं असतं, तेव्हा कुणी "खाली करा" म्हणालं तर त्यावर जाऊ नका, तपासून बघा. काच खाली घ्या, दार बाहेरून लावा, खिडकीतून हात आत घालून आतलं हँडल ओढा. दार उघडलं नाही तर लॉक लागलंय. मग बाहेरचं हँडल ओढा, उघडलं पाहिजे. हे दोन्ही दारांना वेगवेगळं करायचं. एका दाराचं लावून लोक निवांत होतात आणि पोरगं दुसऱ्या दाराशी जाऊन बसतं. सेकंडहँड गाडीत तर मी हमखास बघतो, मागच्या मालकानं एक बाजू चालू आणि एक बंद ठेवलेली असते. धुलाईवाल्यानंही कापड फिरवताना हलवलेलं असतं. महिन्यातनं एकदा हँडल ओढून बघत जा.

अडकायची भीती मनातनं काढा. चाइल्ड लॉक फक्त आतलं हँडल निकामी करतं, बाहेरचं चालूच असतं. अट एकच, सेंट्रल लॉक उघडं पाहिजे. एअरबॅग उघडल्यावर बऱ्याच गाड्यांची दारं आपोआप अनलॉक होतात. शिवाय १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सेंट्रल लॉक हातानं उघडायची सोय सक्तीची केली आहे, बॅटरी गेली तरी दार उघडावं म्हणून. तुमची गाडी २०२० ची, म्हणजे ती सोय असणारच. तरी काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. मारायची ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात. पुढची काच दोन थरांत पापुद्रा घालून केलेली असते, ती तडकते पण पडत नाही.

काचांसाठी तुमच्या दारावरच्या बटणांच्या रांगेत एक वेगळं बटण असेल, खिडकीवर काट मारल्याचं चित्र असलेलं. ते दाबलं की बाकीच्या काचांची बटणं बंद आणि तुमच्याकडून सगळ्या काचा चालू. बोट अडकलं की काच आपोआप मागं येणं सगळ्या गाड्यांत नसतं, असलं तर बहुतेक ड्रायव्हरच्याच काचेला. पारखायचं तर वर्तमानपत्राची गुंडाळी धरा, हात धरू नका.

कृष्णाकाठ:

आमच्या घरातली सगळी पोरं मांडीवरच वाढली, इस्लामपूर-सांगली किती वेळा केलं असेल. कुणाला काही झालं नाही. सीटवर दहा-बारा हजार घालण्यापेक्षा जपून चालवा.

घाटवाट:

दादा, तुमची मुलं सुखरूप वाढली याचा आनंदच आहे. पण तेव्हाचा रस्ता आणि आताचा वेग एकदा शेजारी ठेवून बघा. ५० च्या वेगाने जाणारी गाडी एकदम आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा धक्का सुमारे १० मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो, म्हणजे तीन मजल्यांवरून. बाळ १० किलोचं असेल तर त्या क्षणी हातांना दीडशे किलोच्या आसपास ओढ बसते. किती घट्ट धरलं याचा तिथे उपयोग नाही, एवढं वजन कुणाच्याच हातात राहत नाही. आणि जपून चालवणारा आपण असतो, समोरून येणारा असतोच असं नाही. पेठ नाक्यापासून वाढे फाट्यापर्यंत हायवेवर कुणी ५० ने जातं का?

काकू, मांडीवर बाळ आणि दोघांना एकच बेल्ट हे तर सर्वांत वाईट. आदळताना तुमच्या लेकीचं सगळं वजन बाळावर येतं आणि बेल्ट बाळाच्या पोटात रुततो. पुढे एअरबॅग असेल तर आणखी. ती ३० मिलिसेकंदांच्या आसपास फुगते, पापणी लवायला त्याहून जास्त वेळ लागतो. मोठ्या माणसाची छाती झेलायला केलेली पिशवी आहे ती, बाळाच्या डोक्याला ती जीवघेणी ठरते. पुढच्या डाव्या सीटवरची उन्हाची झडप खाली करून बघा, तिथे उलट्या बेबी सीटवर काट मारल्याचं स्टिकर असेल. काही गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग किल्लीने बंद करता येते, डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला दार उघडल्यावर दिसेल असा स्विच असतो. तो असो वा नसो, बाळाची जागा मागेच.

दोन_लेकरांची_आई:

काकू, मी सांगलीची. माझा धाकटा अकरा महिन्यांचा आहे आणि हे सगळं गेल्या वर्षी करून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नातवासाठी उलटी सीट, म्हणजे त्याचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. या वयात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं असतं, उंचीच्या जवळजवळ पाव भाग, आणि मान अजून कच्ची. समोरून धक्का बसला तर सरळ बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यांत अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. उलटं बसलं तर डोकं, मान, पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात. मुलांच्या सीटसाठीच्या युरोपच्या नव्या आर १२९ नियमात तर १५ महिन्यांच्या आत बाळाला सरळ बसवायची परवानगीच नाही. तोवर घाई करू नका, पुढेही सीटच्या मापात बसतोय तोवर उलटंच ठेवा. पाय दुमडतात म्हणून लोक लवकर सरळ करतात, पण बाळं मांडी घालून मजेत बसतात.

सीट घेताना मागचं लेबल बघा. आपल्याकडचं मानक एआयएस ०७२, युरोपचं जुनं आर ४४ किंवा नवं आर १२९, त्याचं लेबल नारंगी असतं. लेबलच नसेल तर सीट कितीही गुबगुबीत असली तरी घेऊ नका. अनोळखी माणसाची वापरलेली तर मुळीच नको, ती अपघातातून निघालेली असेल तर आतला तडा बाहेरून दिसत नाही.

आता बसवणं. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत हात घालून बघा, बोटांना दोन लोखंडी कड्या लागल्या तर तुमच्या गाडीत आयसोफिक्स आहे. आयसोफिक्सची सीट त्या कड्यांत खट्ट करून बसते आणि बहुतेक सीटवर लाल खूण हिरवी होते. कड्या नसतील तर गाडीच्या बेल्टने बसवायची सीट घ्या. आर ४४ च्या सीटवर बेल्ट कुठून न्यायचा ते रंगाने दाखवलेलं असतं, उलट्या सीटला निळा, सरळ सीटला लाल. मी पहिल्या दिवशी लाल खुणेतून नेला होता आणि दोन आठवडे तसंच फिरत होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. बसवल्यावर बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. पट्ट्या खांद्याशी चिमटीत धरायचा प्रयत्न करा, घडी चिमटीत आली तर अजून आवळा. महाबळेश्वरला जाताना जाड स्वेटर घालून पट्ट्या लावू नका, आधी पट्ट्या, मग वरून शाल.

नातीलाही हवी बरं का. बेल्ट गळ्याशी येतो याचा अर्थ बेल्ट तिच्या मापाचा नाही. साडेचार वर्षांना पाठ असलेली बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक लागते, तिने खालची पट्टी मांडीच्या वर, जांघेशी येते आणि वरची खांद्याच्या मधून. पट्टी काखेखालून कधीच घ्यायची नाही, त्याने बरगड्या आणि पोट सापडतं. उंची दीड मीटरच्या जवळ जाईपर्यंत बूस्टर वापरायचं. कायद्यातही आहे, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याची सीट नसेल तर १००० रुपये दंड.

आजीची_गाडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी यांना सोबत घेऊन सगळं करून पाहिलं.

मिरजेच्या दादांनी सांगितलं तसंच निघालं. उजव्या दाराचा खटका वर होता, डाव्याचा खाली. उजवीकडचं लॉक लागलेलं होतं आणि नात डावीकडे बसली होती. खटका माझ्या करंगळीच्या नखाएवढा आहे, त्यात माती बसून घट्ट झाला होता. ब्रशने साफ करून हलवला आणि काच खाली करून हँडल ओढून पाहिलं. दार नाही उघडलं. मी तीनदा ओढलं. मग नातीला आत बसवून तिलाच ओढायला लावलं आणि सांगितलं, की हे दार आता आजी बाहेरून उघडणार.

फटीत हात घातला तर कड्या दोन्ही बाजूंना आहेत. इतके दिवस त्यांच्यावर बिस्किटांचा चुरा साठत होता. एअरबॅग बंद करायचा स्विच मात्र नाही, झडपेवरचं स्टिकर आहे. आमचे हे ते वाचून बराच वेळ गप्प होते. लेकीला स्टिकरचा फोटो पाठवला.

गावात एका दुकानात आयसोफिक्सची सीट पाहिली, नारंगी लेबल, आर १२९. बुक केली. नातीचं बूस्टर पुण्याहून जावई आणतील. तोवर गाडी काढणार नाही, बालवाडी जवळच आहे, चालत जाऊ.

दोन शंका राहिल्या. सीटच्या मापाला गाडीच्या सीटचं डोकं टेकायचं उशीसारखं असतं ते आड येतं, ते काढायचं का? आणि डॅशबोर्डवर गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण आहे, ते बटण दाबून ठेवलं की एसी लवकर गार होतो, म्हणून आम्ही ते कायम चालू ठेवतो. बाळ असताना चालेल का?

दोन_लेकरांची_आई:

उलट्या सीटला बहुतेक ते आड येत नाही. सरळ सीट किंवा बूस्टरची पाठ त्याने पुढे ढकलली जात असेल तर काढा, पण काढलेलं डिकीत सुटं ठेवू नका, बांधून ठेवा. आणि त्या जागी मोठं माणूस बसेल तेव्हा आठवणीने परत लावा.

गॅरेजवाला_मिरज:

गोल बाण म्हणजे आतलीच हवा फिरवायची. खंबाटकीच्या बोगद्यात किंवा ट्रकच्या धुराच्या मागं असलात तर दाबा, गाडी तापलेली असेल तर पहिली दहा मिनिटं दाबा. मग बंद करून बाहेरची हवा येऊ द्या. चार-पाच माणसं काचा बंद करून बसली की आतली हवा जड होते, झापड येते, चालवणाऱ्यालाही. पावसात यवतेश्वरच्या धुक्यात काच आतनं धुरकट होते त्याचंही कारण बहुतेक हाच बाण. तेव्हा बाण बंद, एसी चालू, वारा पुढच्या काचेवर.

अजून एक, न विचारता सांगतो. दुकानात दोन मिनिटांचं काम म्हणून पोरांना गाडीत ठेवून जाऊ नका, एसी चालू ठेवूनसुद्धा नाही. उन्हात गाडीच्या आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढतं आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं. एप्रिलमध्ये सीटचं बक्कल आधी आपल्या हाताला लावून बघायचं, मग पोराला बसवायचं.

आजीची_गाडी:

लिहून घेतलं, दादा. बाळाची सीट शनिवारी येते आहे. बसवल्यावर हलवून बघेन आणि हिरव्या खुणेचा फोटो इथे टाकेन. कुणाला काही चुकलेलं दिसलं तर लगेच सांगा.