‘कचरा’, ‘भंगार’ की ‘मोडतोड’?

विचारणा : अवकाशातला कचरा पकडून पाहणाऱ्या रिमूव्हडेब्रिस या ब्रिटिश यानाच्या चाचण्यांवर लिहितोय. ‘स्पेस डेब्री’ला नेमका शब्द कोणता? आणि तो कचरा ‘काढणं’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद : ‘अवकाश कचरा’ रुळलाय, तोच ठेवा. 2009 साली इरिडियम 33 आणि कॉसमॉस 2251 हे उपग्रह एकमेकांवर आदळले, त्यातून झाली ती मोडतोड. पण जपानचं अ‍ॅड्रास-जे हे यान 2024 मध्ये ज्याच्या 15 मीटरपर्यंत गेलं, तो रॉकेटचा टप्पा 11 मीटर लांब, तीन टनांचा आणि अख्खा. त्याला मोडतोड कसं म्हणणार? भंगाराला निदान भाव तरी मिळतो.

प्रतिसाद : ‘काढणं’ नको. वाचकाला वाटतं, कुणीतरी वर जाऊन गोळा करून आणतंय. प्रत्यक्षात वस्तूचा वेग कमी करतात, ती वातावरणात शिरते आणि बरीचशी जळून जाते.

प्रतिसाद : मग ‘पाडणं’?

प्रतिसाद : छे! उपग्रह पाडला म्हटलं की 2019 चं मिशन शक्ती आठवतं. त्यात क्षेपणास्त्राने उपग्रह फोडला, म्हणजे कचऱ्यात भरच पडली. ‘उतरवणं’ म्हणाल, तर डोळ्यांपुढे विक्रम लँडर येतो.

प्रतिसाद : जाळ्याच्या चाचणीसाठी आमच्याकडचा ‘पाग’ घ्या की, मासे धरायचं फेकजाळं. फेकलं की हवेत पसरतं, कडेला शिशाचे मणी असतात. सप्टेंबर 2018 मध्ये रिमूव्हडेब्रिसने फेकलेल्या जाळ्यालाही कडेने वजनं होती. सावज त्यांनीच सोडलेलं, फुगवून मीटरभर केलेलं. सात मीटरवर जाऊन जाळ्याने ते गुंडाळलं. फरक एवढाच, की पागाची दोरी आपल्या हातात असते आणि त्या चाचणीत दोरी यानाला बांधलेलीच नव्हती. जाळं आणि सावज दोन्ही तसेच सोडून दिले.

विचारणा : ‘पाग’ झकास, पण लातूरच्या वाचकाला कळायचा नाही. एकदा समजावून पुढे ‘जाळं’च लिहितो. हार्पूनचं काय? 2019 मध्ये तो दीड मीटरच्या दांड्यावरच्या फळीत घुसवला होता.

प्रतिसाद : ‘हार्पून’च. ‘भाला’ लिहिलंत तर दोर राहून जातो, आणि घुसल्यावर ओढायला तोच लागतो.

विचारणा : बरं. मथळ्यात ‘कचऱ्याची विल्हेवाट’, मजकुरात ‘कक्षेतून खाली आणून जाळणं’. लांबलंय, पण चूक तरी नाही.

प्रतिसाद : चालेल. ‘निर्मूलन’ तेवढं लिहू नका, ते देवी-पोलिओचं.