साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी अंगणवाडी की खासगी नर्सरी? (बडोदे)

प्रश्न : वाडीकर

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंची धाकटी मुलगी नुकतीच साडेतीन वर्षांची झाली. कुटुंब मूळचे धुळे जिल्ह्यातले; घरात अहिराणी बोलतात, वडील बांधकामावर सेंट्रिंगचे काम करतात आणि काम नसेल त्या दिवशी नाक्यावर उभे राहतात. मुलगी आईबरोबर घरोघर येते. आई भांडी घासत असताना ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून एका वाटीतले तांदूळ दुसऱ्या वाटीत ओतते, सांडलेले दाणे एकेक करून वेचते आणि बराच वेळ त्यातच रमते. इतक्या एकाग्र मुलीशी दिवसभर कोणी धड बोलतही नाही, याचे मला फार वाईट वाटते.

त्यांच्या वस्तीत अंगणवाडी आहे. पण तिथे फक्त नाश्ता मिळतो, शिकवत काही नाहीत, असा तिथल्या लोकांचा पक्का समज असल्यामुळे आई मुलीला पाठवायला तयार नाही. जवळच दोन खोल्यांत चालणारी इंग्रजी माध्यमाची एक नर्सरी आहे. तिची फी, गणवेश आणि पुस्तके यांचा खर्च या कुटुंबाला झेपणारा नाही. शिवाय नर्सरी आणि केजी झाल्याशिवाय पुढे आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याखाली) प्रवेश मिळणार नाही, असेही आईला तिथे सांगण्यात आले आहे. फी मी भरावी असे मनात आहे. परंतु तो पैसा योग्य ठिकाणी जाईल का, अंगणवाडीत प्रत्यक्ष काय शिकवले जाते, तिथे कोणते दाखले लागतात आणि गुजराती अजिबात न येणाऱ्या मुलीचे तिथे काय होईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त मुख्य सेविका

फी भरण्याची घाई करू नये, असे मी अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेच्या अनुभवावरून आग्रहाने सांगेन. आईला आरटीईविषयी दिलेली माहिती चुकीची आहे. गुजरातमध्ये खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवरचे प्रवेश पहिलीत होतात आणि त्यासाठी नर्सरी किंवा केजी केलेले असण्याची अट नाही. उलट या प्रवेशांसाठी जे अग्रक्रमाचे प्रवर्ग ठरवलेले आहेत, त्यांत सरकारी अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांचा स्वतंत्र प्रवर्ग आहे. म्हणजे आज अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये नाव लागले तर उद्या त्याचा उपयोगच होईल. पहिलीसाठी १ जूनला ६ वर्षे पूर्ण असण्याचा नियम आपल्या राज्यात २०२३-२४ पासून लागू आहे. पाच वर्षांनंतरचे एक वर्ष सरकारी शाळेतल्या बालवाटिकेत काढता येते. तेव्हा या मुलीचा पहिलीपर्यंतचा सगळा रस्ता एक पैसाही फी न भरता पार होऊ शकतो.

प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ही सेवा त्या भागातल्या सगळ्याच मुलांसाठी खुली आहे. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर नोंदणी करण्यासाठी आईचे आधार कार्ड चालते. मुलीचे आधार नाही म्हणून कोणी परत पाठवले तर ते मुळीच ऐकून घेऊ नये. ममता कार्ड (आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचे कार्ड) असेल तर बरोबर न्यावे, म्हणजे लसीकरणात काय राहिले आहे तेही त्याच वेळी कळेल. कुटुंब उद्या दुसऱ्या वस्तीत राहायला गेले तरी नोंद तिकडे वर्ग करून घेता येते आणि बांधकामावरच्या कुटुंबांच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे.

अंगणवाड्या जिच्याखाली चालतात ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि गुजरातमधला पहिला घटक (प्रकल्प) छोटा उदेपूर हा होता, जो त्या काळी आपल्याच जिल्ह्यात मोडत असे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (पुढच्या उपचारांसाठी पाठवणे), मातांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शालापूर्व शिक्षण अशा तिच्या सहा सेवा आहेत. यांतल्या आहाराला २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हक्काचे स्वरूप दिले. सहा वर्षांखालच्या सर्वसाधारण मुलाला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे त्या कायद्यातले मूळ प्रमाण होते. वस्तीतले लोक ज्याला नुसता नाश्ता म्हणतात, तो आईबाप दोघेही सकाळी कामावर जाणाऱ्या घरातल्या मुलाच्या दृष्टीने थोडाथोडका नसतो. वजनउंचीची नोंद हीदेखील तितकीच महत्त्वाची आहे. दंडावर गुंडाळायच्या पट्टीत माप साडेअकरा सेंटीमीटरच्या आत आले, तर ते मूल अतितीव्र कुपोषित समजून पुढच्या उपचारांना पाठवायचे असते, आणि ही गोष्ट आईच्या नजरेला सहसा येत नाही, कारण तिच्या आसपासची सगळीच मुले तशीच हडकुळी असतात.

आता शिकवण्याविषयी. वस्तीचा समज अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. एकच कार्यकर्ता बहेन (अंगणवाडी चालवणारी सेविका) मुलांना गोष्ट सांगते, मोबाइलवर हजेरी आणि फोटो भरते, तीन वर्षांखालच्या मुलांच्या आयांना बालशक्ती या पूरक आहाराची पाकिटे वाटते, गर्भवती स्त्रियांच्या घरी भेटी देते आणि वरून मागितली जाईल ती माहिती त्याच दिवशी पाठवते. तेडागर बहेन (मदतनीस) सकाळी घरोघर जाऊन मुलांना आणते आणि मग रांधण्यात गुंतते. या सगळ्यात ज्याचा अहवाल कोणी तातडीने मागत नाही, ते शिक्षणच मागे पडते. म्हणून एखाद्या सकाळी आईला घेऊन तिथे जाऊन बसावे आणि मुले बोलतात का, गातात का, हातात मणी, ठोकळे, चित्रे असे काही येते का, की भिंतीला टेकून नाश्त्याची वाट पाहतात, हे स्वतः पाहावे. भिंतीवरच्या रंगीत चित्रांवरून काहीही ठरवू नये.

उत्तर : पहिलीची शिक्षिका, रावपुरा

मला अंगणवाडीचा इतका भरवसा वाटत नाही, हे स्पष्टपणे नोंदवते. माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांमध्ये काही अंगणवाड्यांची मुले ओळीत बसणे, हात धुणे, गोष्ट ऐकणे हे सगळे शिकून आलेली असतात, तर काही मुलांनी दोन वर्षांत पाच गाणीदेखील ऐकलेली नसतात. बहेन कोण आहे, यावर सारे अवलंबून असते, आणि गरिबाच्या मुलाने नशिबावर विसंबून राहावे, ही गोष्ट मला पटत नाही.

मात्र स्वस्तातल्या नर्सरीचा अनुभव याहून चांगला नाही. तिथली मुले ए पासून झेड पर्यंत घोकून येतात, पेन्सिल इतकी दाबून धरतात की कागद फाटतो, आणि तुझ्या घरी कोण कोण आहे असे विचारले की गप्प बसतात. चौथ्या वर्षी पाटीभर अक्षरे गिरवून घेणे म्हणजे शिक्षण नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ, संवाद व हाताने करून पाहणे यांवर भर दिला आहे, तो योग्यच आहे.

उत्तर : मानव विकास विषयाची प्राध्यापिका

वरील दोन्ही मतांना जोडणारा एक अभ्यास सांगते. तामिळनाडूतल्या ३२० अंगणवाड्यांपैकी काही ठिकाणी केवळ शालापूर्व शिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा व्यक्ती नेमण्यात आली. इमारत तीच, आहार तोच. तरीही शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुपटीवर गेला, मुलांचे गणित आणि भाषा लक्षणीय सुधारली, आणि शिक्षणाचा भार हलका झाल्यामुळे मूळच्या कार्यकर्तीला पोषणाकडे पाहता आल्याने खुरटलेल्या मुलांचे प्रमाणही घटले. म्हणजे आपल्या अंगणवाडीत कमतरता आहे ती माणसाची. केंद्राने २०१८ साली वाढवून दिलेले कार्यकर्तीचे मानधन महिन्याला ४,५०० रुपये होते, आणि ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवण्यासाठी दाहोदच्या कार्यकर्त्या बहेनांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तो निकाल एप्रिल २०२२ मध्ये लागला. ज्या बाईवर आपण सहा सेवा सोपवतो तिला समाज काय मोल देतो, हे यावरून दिसते आणि मला त्याची खंत वाटते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी १९६२ ते १९६७ या काळात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर केलेला पेरी शालापूर्व प्रयोग या क्षेत्रात सर्वपरिचित आहे. शालापूर्व वर्गात गेलेल्या मुलांची न गेलेल्यांवरची बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत ओसरली, पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला तेव्हा त्यांचे शिक्षण व कमाई अधिक आणि अटकेचे प्रमाण कमी आढळले. तिथे शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईबरोबर बसत असे. मुलीला किती अक्षरे येतात यावरून अंगणवाडीची पारख करू नये, असे मी म्हणते त्यामागे हा अनुभव आहे.

भाषेची चिंता करू नये. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर गुजराती मुलांमध्ये काम करून या विषयात घडल्या, आणि १९४५ नंतर बोर्डी व कोसबाड भागात अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी मुलांची बालवाडी त्यांच्याच पाड्यांवर, अंगणात, बिया, पाने आणि शिंपले घेऊन भरवली. मुलांना त्यांच्याच बोलीतून बोलू द्यायचे, हा त्या कामाचा पाया होता. तुमच्याकडची मुलगी तांदूळ ओतून पुन्हा वेचते, तेच काम बालमंदिरात साधन म्हणून मांडून ठेवलेले असते. चार-सहा महिन्यांत ती खेळता खेळता गुजराती बोलू लागेल. मात्र आईने घरात अहिराणीच बोलावी, त्याच बोलीत गोष्टी सांगाव्यात, आणि मुलीला शहाणे करण्याच्या हौसेने मोडकीतोडकी इंग्रजी वापरू नये, हे तिला अवश्य समजावून सांगा.

वाडीकर (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल मी आणि मुलीची आई अंगणवाडीत जाऊन आलो. खोली भाड्याची आणि अंधारी आहे, पण कार्यकर्ता बहेनने मुलांना गोल बसवून पानांचे लहान-मोठे असे ढीग करायला दिले होते आणि त्यात आमची मुलगी कोणी न सांगताच जाऊन बसली. आईचे मन बरेचसे वळले आहे. आता एकच अडचण उरते. आई दुपारी उशिरापर्यंत कामावर असते आणि अंगणवाडी त्याआधी सुटते. शिवाय फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या अंगणवाडीला उपयोगी पडतील असे कसे वापरता येतील?

उत्तर : निवृत्त मुख्य सेविका

केंद्र सरकारच्या मिशन शक्तीतल्या पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. तुमच्या घटकात तशी अंगणवाडी आहे का, हे बाल विकास योजना अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे, आणि नसेल तर वस्तीतल्या आयांच्या सह्यांनिशी लेखी मागणी करावी. तोंडी मागणीची नोंद राहत नाही. तोपर्यंत अंगणवाडी सुटण्याच्या वेळी मुलीला आणून आई येईपर्यंत तुमच्याकडे ठेवता आले, तर नर्सरीच्या फीपेक्षा ती मदत अधिक मोठी ठरेल, कारण नर्सरी तर अंगणवाडीच्याही आधी सुटते.

पैसे रोख देऊ नयेत. बहेनला विचारून जाड मणी, लाकडी ठोकळे, मोठ्या चित्रांची गुजराती आणि मराठी पुस्तके आणि एक चांगली सतरंजी द्यावी, आणि ती साठा नोंदवहीत चढवून घ्यावी. आणि आपणास सवड असेल तर आठवड्यातून एक सकाळ तिथे जाऊन मुलांना गोष्टी सांगाव्यात. मुख्य सेविकेला आधी कळवले की त्याला कोणाची हरकत नसते. बुधवारी जाऊ नये. त्या दिवशी ममता दिवस असतो आणि लसीकरणाची गर्दी असते.