फुकट ब्राउझर टूल्स: कुठली ठेवायची, कुठली काढायची (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-१०३ (आजोबा): नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर पेपर उघडला की बातमी कमी आणि जाहिरातीच जास्त. एक बंद करावी तर दुसरी व्हिडिओसकट सुरू होते. कालपासून कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला' असंही येतंय. काही बिनखर्चाचा उपाय आहे का?

सी-५०४: आजोबा, त्या व्हायरसवाल्यावर अजिबात क्लिक करू नका!

बी-६०२ (ताई): आजोबा, घाबरू नका, तो बहुतेक व्हायरस नाहीच. एखाद्या साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं असेल आणि अलाउ दाबलं गेलं असेल. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइट्सची यादी दिसेल, त्यातली अनोळखी नावं काढून टाका. नोटिफिकेशन मागूच द्यायचं नाही असाही पर्याय तिथेच वर आहे, तो निवडून ठेवा.

ए-३०१: जाहिरातींसाठी क्रोमच्या स्टोअरमध्ये ॲडब्लॉक असं शोधा, पहिलं येईल ते टाका. सगळी सारखीच असतात.

बी-६०२ (ताई): दादा, इथे मी ठाम विरोध करणार. सारखी नसतात. एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं असं छोटं टूल, टाकताना 'सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकतं' अशी परवानगी मागितली जाते आणि आपण न वाचता हो म्हणतो. त्यात बँकेचं पानही आलं आणि ईमेलही. त्यामुळे ते कोणी बनवलंय आणि त्याचं पोट कशावर चालतं, हे आधी बघायचं.

द ग्रेट सस्पेंडरचं उदाहरण घ्या. वापरात नसलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं, खूप लोकांच्या आवडीचं एक्स्टेंशन. मूळ लेखकाने २०२० मध्ये ते दुसऱ्या कुणाला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून बंद केलं. लोकांनी जे टाकलं होतं ते चांगलंच होतं, मालक बदलला आणि त्यांना कळलंही नाही.

म्हणून जाहिरातींसाठी माझं मत एकच: यूब्लॉक ओरिजिन. रेमंड हिल या प्रोग्रामरने २०१४ मध्ये सुरू केलं. कोड सगळ्यांना उघडा आहे. ते देणगीसुद्धा मागत नाहीत. द्यायचीच असेल तर जाहिरातींच्या याद्या सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना द्या म्हणतात. नावातलं 'ओरिजिन' मात्र नीट बघून घ्या, नुसतं यूब्लॉक हे वेगळं आहे.

सी-५०४: ताई, माझ्याकडे होतं ते. क्रोमने मध्येच बंद करून टाकलं.

बी-६०२ (ताई): हो. एक्स्टेंशन्सनी कसं काम करायचं याचे नियम क्रोमने बदलले, त्यात २०२४-२५ मध्ये ते गेलं. क्रोमवर आता यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं. रोजच्या वापराला ठीक आहे, पण ताकद कमी. पूर्ण आवृत्ती हवी तर फायरफॉक्स हा ब्राउझर घ्या. क्रोममधले बुकमार्क तो स्वतःच उचलून आणतो.

ए-३०१: मग त्याच न्यायाने विचारतो, फायरफॉक्सचं पोट कशावर चालतं?

बी-६०२ (ताई): विचारलंत ते बरंच झालं. मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याच्यामागे आहे, पण उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडूनच येतो, गूगलला मुख्य सर्च इंजिन ठेवण्याबद्दल. मला हे आवडत नाही, पण ते लपवलेलं नाही आणि सर्च इंजिन आपल्याला एका मिनिटात बदलता येतं. माझ्या हिशेबात त्यामुळे तो विश्वासाच्या यादीत राहतो.

आजोबा, फायरफॉक्समध्ये तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट. बातमी उघडली की पत्त्याच्या पट्टीत पानाचं छोटं चिन्ह दिसतं, किंवा विंडोजवर एफ ९ दाबा. फक्त मजकूर उरतो, अक्षर हवं तेवढं मोठं करा.

ए-१०३ (आजोबा): हे फारच उत्तम. डोळ्यांना त्रास होतो म्हणून वाचन कमी झालं होतं.

डी-२०१ (काकू): एक शंका. सगळ्यांनीच जाहिराती बंद केल्या तर पेपरवाल्यांनी चालवायचं कसं? माझे दीर वार्ताहर होते, छोट्या पेपरांची ओढाताण मी जवळून बघितली आहे.

बी-६०२ (ताई): काकू, अगदी रास्त प्रश्न. जे पेपर आपण रोज वाचतो त्यांची वर्गणी भरावी असं मला मनापासून वाटतं. ज्या साइटच्या जाहिराती सुसह्य आहेत तिथे यूब्लॉकचं मोठं पॉवरचं बटण दाबलं की त्या साइटपुरतं ते बंद होतं. मी तसं करते. पण पानभर पसरणाऱ्या, खोटं डाउनलोड बटण दाखवणाऱ्या जाहिराती सहन करायची सक्ती वाचकावर नसावी.

सी-५०४: फोनचं काय?

बी-६०२ (ताई): अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये हेच एक्स्टेंशन चालतं. आयफोनच्या फायरफॉक्समध्ये नाही, पण सफारीसाठी लाइट आवृत्ती २०२५ मध्ये आली. मुलांच्या फोनसाठी प्रायव्हेट डीएनएस बघा, अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्येच आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. त्यात 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम' टाकलं की मालवेअर आणि अश्लील साइट्स अडतात. यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका. कुठल्या वायफायवर नेट अडलं तर परत ऑटोमॅटिक करा.

डी-२०१ (काकू): पासवर्ड मी वहीत लिहिते. चालतं का?

बी-६०२ (ताई): वही घरात कपाटात असेल आणि प्रत्येक ठिकाणी पासवर्ड वेगळा असेल तर चालतं काकू. एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा कितीतरी बरं. नाहीतर बिटवॉर्डन, पासवर्ड सांभाळणारं ॲप. फुकट खात्यातही हवे तेवढे पासवर्ड, हव्या तेवढ्या उपकरणांवर. कंपन्या आणि प्रीमियमवाले पैसे भरतात, त्यावर त्यांचं भागतं. आपला ईमेल कुठल्या डेटाचोरीत सापडलाय का हे 'हॅव आय बीन पोन्ड'वर कळतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेली साइट आहे.

सी-५०४: बँकेचं पण सांगा, सर्च केल्यावर वर भलत्याच लिंक येतात.

बी-६०२ (ताई): बँकेची साइट सर्च करून उघडूच नका, बुकमार्क ठेवा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट तसाच आहे ना ते बघायचं. मध्येच कुठेतरी 'बँक' असून उपयोग नाही. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

सेक्रेटरी: ताई, मी भाडेकरूंच्या कागदांच्या पीडीएफ जोडायला, त्यावर लिहायला ऑनलाइन साइट वापरतो. ते चालेल ना?

बी-६०२ (ताई): मेंबर्सचे आधार आणि करारनामे असतील तर कृपया नको. ती फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. पीडीएफवर मजकूर लिहिणं, हाताने सही काढणं फायरफॉक्समध्ये होतं, फाइल तुमच्याच संगणकावर राहते. आणि लोकांकडून मास्क्ड आधार मागा, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर मिळतं. शेवटचे ४ आकडेच दिसतात.

सेक्रेटरी: नोंद घेतली. पुढच्या नोटिशीत घालतो.

ए-३०१: मी वेबॅक मशीनबद्दल लिहितो, कारण आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेबची जुनी पानं साठवते आहे, २००१ पासून ती सगळ्यांना बघता येतात. पत्ता टाका, तारीख निवडा, त्या दिवशीचं पान समोर येतं. काल मी आपल्या बिल्डरच्या साइटवरचं आपल्या प्रकल्पाचं जुनं पान शोधलं. त्यात क्लब हाउस, सोलर आणि पाहुण्यांचं पार्किंग स्पष्ट लिहिलेलं आहे. आजच्या पानावर यातलं सोलर आणि पार्किंग नाही.

सेक्रेटरी: काय सांगता! कन्व्हेयन्सच्या, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या, बोलणीत हे लागेल. लिंक पाठवा.

बी-६०२ (ताई): फार महत्त्वाचं काम केलंत दादा. कायद्यात त्याला किती वजन आहे ते वकिलांना विचारू. पण आजचं पानही आत्ताच साठवून ठेवा, तिथेच 'सेव्ह पेज नाऊ' आहे. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाची जी कागदपत्रं आहेत ती पीडीएफ वेगळी उतरवून घ्या, तसली कागदपत्रं वेबॅकमध्ये असतीलच असं नाही.

ए-३०१: आजचं पान सेव्ह केलं. महारेराची कागदपत्रं रात्री उतरवतो. ब्रोशरची छापील प्रत कुणाकडे असेल तर फोटो टाका.

डी-२०१ (काकू): आमच्याकडे बुकिंगच्या फाइलमध्ये आहे. काढून ठेवते, संध्याकाळी कुणीतरी येऊन घेऊन जा.