भाड्यातून हप्ता निघेल का?

६० लाखांचा फ्लॅट कर्ज काढून घेतला आणि भाड्याने दिला, तर कर्जाचा हप्ता भाड्यातून भागेल का? पुण्यातला हिशेब मांडून बघा. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८०%पर्यंतच देते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख, ७% मुद्रांक शुल्काचे ४.२० लाख आणि नोंदणीचे ३० हजार, असे साडेसोळा लाख खिशातून. इथेच बरेच जण अडकतात आणि वैयक्तिक कर्ज काढतात. ते कृपया करू नका.

८.५% दराने २० वर्षांचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये. भाडं १८ हजार धरलं, तरी मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि वर्षातला एक रिकामा महिना वजा जाता हातात तेराच हजार उरतात. महिन्याला साडेअठ्ठावीस हजारांची भर पगारातून घालावी लागणार. भाड्यापेक्षा कर्जाचं व्याज जास्त असल्याने प्राप्तिकराच्या हिशेबात दिसणारा तोटा जुन्या करप्रणालीत करपात्र पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतो, नव्या प्रणालीत अजिबात नाही.

आणि अकरा महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर वादात अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं आधी ग्राह्य धरतात. खोटं ठरवायचं काम मग तुमचं.