मुलीला आइस हॉकी खेळायची आहे: ठाण्यात राहून खर्च किती धरावा?

घोडबंदर_पालक:
मुलगी नऊ वर्षांची, वजन 28 किलो. दोन वर्षं सोसायटीच्या पॉडियमवर इनलाइन स्केटिंग (एका रांगेत चाकं असलेले स्केट्स) करते आहे आणि आता आइस हॉकीचाच ध्यास घेतलाय. इथे बर्फ नाही, हे माहीत आहे. पहिल्या वर्षी कशावर पैसे घालावेत आणि कुठे हात आखडता घेतला तरी चालेल? जो तो "पूर्ण किट घ्या" एवढंच सांगतो.

खारघर_इनलाइन:
पूर्ण किट आत्ता अजिबात घेऊ नका. या खेळात खरा खर्च बर्फाचा आणि तिथवर पोचण्याचा, सामानाचा नंतर. म्हणून पहिली दोन वर्षं इथेच इनलाइन हॉकी खेळू द्या. चाल, पास, काठीवरचा हात हे सगळं बर्फावर कामाला येतं. थांबणं मात्र तिथे नव्याने शिकावं लागतं, कारण पातं आडवं घासत थांबायची सवय चाकांवर लागत नाही.

स्केट्सवर पैसे घाला. मुलांचा पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो, म्हणून पालक दोन नंबर मोठे घेतात आणि तिथेच फसतात. टाच आत हलते, घोटा आतल्या बाजूला कलतो आणि मूल दोष स्वतःला देतं. मोज्यासकट पाय आत घालून अंगठा पुढे टेकवा. टाचेमागे तुमची करंगळी जेमतेम शिरली तर माप बरोबर. बोट सहज फिरलं तर स्केट्स मोठे. हॉकीचे चांगले इनलाइन स्केट्स बहुतेक बाहेरून येतात, त्यामुळे कस्टम ड्युटीसकट दहा-पंधरा हजार धरा. पायात नीट बसत असतील तर वापरलेले घेतले तरी चालतात, फक्त चाकं आणि बेअरिंग बदलून घ्या.

चाकांचा कडकपणा बघून घ्या. पॉडियमच्या काँक्रीटला 82ए ते 84ए लागतात. इनडोअरची 76ए सारखी मऊ चाकं तिथे घातली तर थोड्याच दिवसांत खरवडून निघतात.

कळवा_डिफेन्स:
काठीबद्दल दोन गोष्टी. फ्लेक्सचा, म्हणजे काठी किती ताठ आहे त्याचा, आकडा साधारण वजनाच्या (पौंडांत) निम्मा धरतात. 28 किलो म्हणजे सुमारे 62 पौंड, तेव्हा 30 च्या आसपासची यूथ काठी बघा. दादाची 50 ची काठी कापून देऊ नका. कापली की ती आणखी ताठ होते, वाकत नाही आणि फटक्याला जोर लागत नाही. उंची स्केट्स घालून हनुवटीपर्यंत हवी.

डावी की उजवी हे आधी बघा. उजव्या हाताने लिहिणारी कितीतरी मुलं डाव्या काठीने खेळतात. दुकानात न बोलता हातात झाडू द्या आणि खालचा हात कोणता जातो ते पाहा. काठीच्या पात्याचा वळसा चुकला तर काठी वाया.

काटकसर कुठे? जांघेचा गार्ड क्रिकेटचाच चालतो. कोपराचे पॅड सुरुवातीला स्केटिंगचेच वापरा. फुटबॉलचे शिनगार्ड मात्र नकोत, त्यात गुडघा उघडा राहतो. गोलकीपरचं सामान एका घराने घेऊ नये, ते इतरांच्या किटच्या कितीतरी पट महाग पडतं. पाच-सहा घरांनी मिळून एकच संच घ्यावा आणि मुलांनी आळीपाळीने गोलात उभं राहावं.

घोडबंदर_पालक:
आभारी आहे. हेल्मेट सेकंड हँड मिळतंय, घेऊ का? आणि पावसाळ्यात सामान कसं सांभाळायचं?

खारघर_इनलाइन:
हेल्मेट नवंच घ्या. आतला फोम जुना झाला की कडक होतो आणि आधी मार बसलाय का ते बाहेरून दिसत नाही. सायकलचं हेल्मेटही नको, पूर्ण चेहऱ्याची जाळी हवीच.

पावसाळ्यात बॅगची चेन लावून ठेवली की दोन दिवसांत हातमोज्यांना बुरशी. आल्या आल्या सगळं पंख्याखाली पसरा, बूटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. ओल्या पॉडियमवर तर खेळूच नये. तरी पाणी शिरलंच तर त्याच रात्री 16 बेअरिंग काढून पुसा आणि एकेक थेंब तेल द्या. दुसऱ्या दिवशी करकर ऐकू आली की उशीर झालेला असतो. दर काही आठवड्यांनी चाकं पहिलं-तिसरं, दुसरं-चौथं अशी अदलाबदल करून उलटी बसवा, म्हणजे झिजलेली आतली कड बाहेर येते. ही पंधरा मिनिटांची मेहनत चाकांचं आयुष्य चांगलंच वाढवते.

वाशी_ते_लेह:
बर्फाचा हिशोब आता. लेहचा नैसर्गिक बर्फ साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. उंची सुमारे 3,500 मीटर, त्यामुळे पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. खोलीभाडं आणि जेवण त्या दिवसांचंही धरा, पालकाचं तिकीट वेगळं. देहरादूनची रिंक (बंदिस्त बर्फाचं मैदान) 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली, पण मधली बरीच वर्षं बंद होती, तेव्हा बर्फ चालू आहे का ते फोनवर विचारूनच तिकिटं काढा.

विमानात सामानाची मर्यादा बहुतेक 15 किलो असते. किट आणि लेहचे गरम कपडे मिळून ती सहज ओलांडतात. थर्मल हेल्मेटच्या पोटात भरा, जाड जॅकेट अंगावर घाला आणि घरच्या काट्यावर बॅग तोलून निघा. लांब काठीला वेगळे पैसे पडतात का ते एअरलाइनला आधीच विचारा.

आइस स्केट्स या एका फेरीसाठी विकत घेऊ नका. जिथे जाल तिथे भाड्याने मिळतात का ते बघा. इथल्या दमट हवेत पात्यांना गंज चढतो आणि धार लावायलाही परत बाहेरच पाठवावं लागतं.